उत्तरेची भिंत

आमच्या मागच्या दोन खोल्यांतली आतली खोली थंडीत काळी पडते. पावसाळ्यात पडली असती तर मी काही म्हटलं नसतं, पावसाळ्यात आमच्या सगळ्या दारव्हा गावात सगळंच सादळलेलं असतं. पण ही भिंत श्रावण-भादव्यात शहाण्यासारखी कोरडी राहते आणि दिवाळीचा रंग वाळतो न वाळतो तोच, थंडी पडली की, वरच्या कोपऱ्यातून बुरशी धरते. आधी मोहरीएवढे ठिपके, मग ठिपके एकमेकांत मिसळून डाग, मग छतापासून खिडकीच्या चौकटीपर्यंत एक काळपट हिरवा पट्टा. बोट लावलं तर बोटाला लागतो. वास जुन्या पोत्यासारखा कुबट येतो.

या खोल्या आम्ही भाड्याने देतो. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाला तेव्हा अंगणाच्या मागच्या टोकाला त्या बांधल्या. बाहेरची स्वयंपाकाची, आतली निजायची. आतल्या खोलीच्या उत्तरेला शेजाऱ्याचं सोयाबीनचं गोदाम आहे. त्याची भिंत आणि आमची भिंत यांच्यामधून एखादा माणूस अंग चोरून कसाबसा जाईल एवढीच बोळ. त्या बोळीत ऊन कधीच येत नाही. बांधताना गवंडी म्हणाला होता की तिकडे खिडकी ठेवून उपयोग नाही, नुसती थंडी येईल. नवरा म्हणाला, हवा खेळती पाहिजे. म्हणून एक खिडकी ठेवली, आणि ती उघडी ठेवायला लावणं हे पुढे माझं काम झालं.

मी घरी ब्लाऊज शिवते. माझं मशीन आमच्या मागच्या खिडकीशी, अंगणाकडे तोंड करून आहे. म्हणून भाडेकरूंच्या दारात कोण आलं, कोण गेलं, दोरीवर काय वाळतंय, हे मला न बघता दिसतं. मोहल्ल्यातल्या बायका मला चौकस म्हणतात. म्हणू देत.

भाडेकरू मला माणसांपेक्षा भिंतीवरून जास्त आठवतात, हे मी आधीच सांगून टाकते. पहिल्या आल्या त्या नर्सिंगच्या पोरी. पांढरे ड्रेस चोरीला जातील म्हणून आतल्या खोलीत दोरी बांधून वाळत घालायच्या आणि खिडकी लावून क्लासला जायच्या. फेब्रुवारीपर्यंत कोपरा काळा झाला. मग एक एकटा मास्तर आला. त्याला बाहेरच्या खोलीत थंडी वाजायची म्हणून गॅसची शेगडी आत नेऊन, दार लावून भात शिजवायचा. भिंतीवरून पाण्याचे ओघळ येत होते आणि हा म्हणे, मॅडम, तुमची टाकी गळते. टाकी दुसऱ्या टोकाला होती. त्यानंतरच्या जोडप्याने लोखंडी कपाट भिंतीला अगदी चिकटवून ठेवलं. ते गेले तेव्हा कपाटाच्या मापाचं एक काळं कपाट भिंतीवर उमटलेलं होतं, वरच्या नक्षीसकट.

एवढ्या सगळ्यांनंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की भिंतीला बाहेरून कुठूनही पाणी येत नाही. आतूनच येतं. आंघोळीची वाफ, भाताची वाफ, ओल्या कपड्यांची ओल, रात्रभर झोपलेल्या माणसांचा श्वास. सगळं त्या थंडगार भिंतीवर जाऊन बसतं, आणि खिडकी बंद असेल तर तिथेच मुरतं. तेव्हापासून नवीन भाडेकरूला किल्ली देताना मी तीन गोष्टी सांगते. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब. कपडे अंगणात. आणि दुपारी ऊन असेल तेवढा वेळ दार-खिडकी सताड उघडी. लोक हो हो म्हणतात. नवरा मात्र मोबाईलवर बघून बघून वाटीत मीठ ठेव, चुन्यात तुरटी घाल, असे प्रयोग करत असतो. सगळा जन्म विज्ञान शिकवलं, आता भिंतीला शिकवतो.

ही मुलगी आली ती अशाच एका दिवाळीनंतर. तिला मुलगीच म्हणते, बाई म्हणवत नाही. सातवा महिना सरत आलेला. तिचा नवरा जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला, कापसाचा हंगाम सुरू झालेला, म्हणून सकाळी अंधारात जायचा आणि अंधार पडल्यावर केसांत कापूस घेऊन यायचा. दोघंही बंजारा समाजाची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई वारलेली होती आणि भावाचा तांडा पार पुसदच्या पलीकडे. म्हणून बाळंतपण इथेच, आमच्या मागच्या खोलीत करायचं ठरलं. मी किल्ली देताना माझ्या तिन्ही गोष्टी सांगितल्या. तिने त्या नीट ऐकल्या. दुसऱ्या दिवशी कपाट चार बोटं पुढे ओढलेलं मी पाहिलं, आणि माझ्या मनात तिच्याविषयी चांगलं मत झालं.

महिनाभर, दोन महिने खिडकी रोज उघडी असायची. मुलगी दुपारी अंगणात लसूण सोलत बसायची, कधी माझ्या मशीनपाशी येऊन चिंध्या मागायची. बाळाची दुपटी शिवायची होती तिला. बोलायची कमी. मोठ्याने तर कधीच नाही. कोपऱ्यात त्या वर्षी एक ठिपका नव्हता. मी नवऱ्याला तीनदा नेऊन तो कोपरा दाखवला.

ऐन थंडीत तिला मुलगा झाला. सरकारी दवाखान्यात, सुखरूप. आणि दवाखान्यातून ती घरी आली त्याच दिवशी तांड्यावरून तिची सासू आली.

सासू माझ्याच वयाची. अंगाने काटक, हातावर गोंदण, बोलायला रोखठोक. लेकाशी त्यांच्या गोरबोलीत बोलायची, माझ्याशी वऱ्हाडीत. सून तिला याडी म्हणायची, म्हणजे आई. आल्या आल्या तिने खोली बाळंतिणीची केली. खिडकी लावून तिच्यावर गोधडी ठोकली. मी खिळ्यांकडे बघत राहिले. दाराच्या फटीत, खिडकीच्या फटीत, विजेची वायर आत येते त्या भोकातसुद्धा चिंध्यांचे बोळे कोंबले. त्या चिंध्या माझ्याच ब्लाऊजच्या होत्या. मध्ये बाज टाकली, बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली. ओवा, शेपा, लसणाच्या सालींची धुरी. बाजूला पाण्याचा मोठा पितळी गंज सदा उकळता, कारण आंघोळी खोलीतच व्हायच्या, आईची आणि बाळाची. लंगोट, दुपटी दोरीवर, शेगडीच्या वर.

मी दारात उभी राहून म्हटलं, "बाई, दुपारी थोडा वेळ तरी खिडकी उघडत जा. भिंत खराब होते."

"ओली बाळंतीण आहे बाई," ती म्हणाली. "वारं लागलं तं जन्माचं दुखणं होते. भिंत पोतारता येते, कंबर पोतारता येते का?"

माझी दोन्ही बाळंतपणं अशीच, बाजेखाली शेगडी ठेवून झालेली आहेत. मीही सव्वा महिना अंधारात पडून होते आणि कोणाला खिडकी मागितली नव्हती. तेव्हा फक्त घर मातीचं होतं, वर कौलं होती, कोळशाचा धूर कौलांतून आपला आपण जायचा. इथे सिमेंटची भिंत, वर स्लॅब. हा फरक आज लिहिताना दिसतो. तेव्हा मी एवढंच म्हटलं की बाळंतिणीच्या वाटेला जाऊ नये, आणि परत येऊन मशीनवर बसले.

आठवडा गेला नाही तो कोपऱ्यात ठिपके दिसले. नंतरच्या काही दिवसांत पट्टा. एवढ्या वेगाने ही भिंत कधी काळी पडली नव्हती. सकाळी तिच्यावर घाम आल्यासारखं पाणी असायचं. खिडकीवरच्या गोधडीलाही मागून बुरशी धरली होती. मी ते पाहून आले आणि नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "उष्णता कमी पडून राह्यली. उष्णतेनं ओल जाते, साधी गोष्ट आहे." आणि त्याने माळ्यावरची आमची जुनी शेगडी काढून, झटकून, सासूला नेऊन दिली. सासूला ते फार पटलं. दुसरी शेगडी भिंतीशी ठेवली गेली. कोळसाही आमच्याकडचाच. मलाही तेव्हा ते बरोबर वाटलं होतं, ओल्या भिंतीला शेक दिला की ती वाळेल. ओला टॉवेल चुलीपाशी वाळतोच की.

याच दिवसांत कधीतरी मी दुपारी तिला डिंकाचे लाडू द्यायला गेले होते. सासू बाहेरच्या खोलीत भाकरी थापत होती. मुलगी बाजेवर उठून बसली. चेहरा उतरलेला, ओठांवर पापुद्रे.

"काकू, डोकं लय जड होते माह्यं," ती म्हणाली. "खिडकी थोडीशी उघडू का?"

बाहेरून सासूचा आवाज आला, "अंगावरचं दूध आहे, रक्त गेलेलं आहे. डोकं जड होणारच. पडून राहा."

मी म्हटलं, "लाडू खाय. अशक्तपणा असते सुरवातीले."

ती पडून राहिली. बाळ तिच्या कुशीत झोपलेलं होतं. ते बाळ सदा झोपलेलं असायचं. इतकं गुणी बाळ आम्ही पाहिलं नव्हतं, मोहल्ल्यातल्या बायका येऊन तेच म्हणून जायच्या. रडत नाही, जागवत नाही, दूध पाजायलाही उठवावं लागतं. सासू अभिमानाने सांगायची की तिचा लेकही असाच होता. मी मशीनवर बसून ऐकायचे. त्या खोलीतून कधीच रडण्याचा आवाज यायचा नाही. मला त्याचं बरंच वाटलं होतं, माझी कामं नीट होत होती.

एका सकाळी दिवाळीच्या रंगाचा एक मोठा पोपडा निघून बाजेच्या पायथ्याशी पडला. सासूने तो उचलून आणून मला दाखवला. वरून आंबा रंग, मागून काळा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, आज मी भिंत खरवडून तिला चुना लावणार, खोली दोन तास रिकामी करून द्या.

"बाळंतिणीले कुठं नेऊ?" सासू म्हणाली.

"माह्या घरी. समोरच्या खोलीत. ऊन येते तिथं."

ती जरा हळू म्हणाली, "अजून सोयर फिटलं नाही बाई. तुमच्या घरात कशी येईल ते?"

"आमच्या घरी सोयर-सुतक नाही," मी म्हटलं. "आमच्या सासऱ्यानं बुद्ध धम्म घेतला तेव्हाच ते सारं सुटलं. आणा तिले."

तिने माझ्याकडे पाहिलं, खरं बोलते की कसं ते बघायला. मग आत जाऊन सुनेच्या कानाला रुमाल बांधला, अंगावर ब्लँकेट घातलं, बाळाला दुपट्यात डोक्यासकट गुंडाळलं आणि दोघांना अंगण ओलांडून आणलं. अंगण दहा पावलांचं. मुलगी मधेच थांबली. उन्हात उभी राहून तिने तोंड उघडं ठेवून श्वास घेतला. सासूने तिला खांद्याला धरून पुढे नेलं. समोरच्या खोलीत दिवाणावर बसवलं. खिडकीतून ऊन थेट तिच्या पायांवर येत होतं.

मी पदर खोचून, पत्र्याचा तुकडा आणि चुन्याची बादली घेऊन मागच्या खोलीत गेले. सासूने बजावलं होतं की शेगड्या विझवू नका, खोली थंड होईल, पुन्हा तापायला वेळ लागतो. म्हणून दोन्ही शेगड्या तशाच होत्या. दारही तिनेच ओढून घेतलं. मी स्टुलावर चढून वरचा कोपरा खरवडायला लागले. पोपडे डोक्यावर पडत होते. मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होते, आधी सासूला, मग गवंड्याला, मग सोयाबीनच्या गोदामाला.

थोड्या वेळाने कपाळाच्या मध्यभागी ठणका सुरू झाला. मला वाटलं, चुन्याचा वास. मग ठणका डोक्याभर पसरला आणि हातातला पत्रा जड झाला. मी स्टुलावरून उतरायला पाय खाली घेतला तर जमीन होती तिथे नव्हती. पडले नाही, बाजेला धरलं. दारापर्यंत कशी गेले ते आठवत नाही. अंगणात आले आणि न्हाणीच्या ओट्यावर बसून ओकले.

तेवढ्यात समोरच्या खोलीतून बाळ रडायला लागलं.

साधं रडणं नाही. गळा काढून, श्वास संपेपर्यंत, मग पुन्हा श्वास घेऊन. ते बाळ असं रडू शकतं हे आमच्या मोहल्ल्यात कोणालाच माहीत नव्हतं. सासू धावत बाहेर आली, मला ओट्यावर बसलेलं पाहिलं आणि तरीही म्हणाली, "पाहा, लागलं ना वारं पोराले. सांगून राह्यली होती मी."

मी तिच्याकडे बघितलं. डोकं फुटत होतं, पण अंगणातल्या हवेने ते हळूहळू सुटत होतं, हे मला कळत होतं. घटकाभर मी त्या खोलीत होते. मुलगी आणि बाळ तिथे दिवसरात्र होती. सासू निम्मा दिवस बाहेरच्या खोलीत, चुलीपाशी, दारात. मी तिला म्हटलं, "बाई, वारं नाही लागलं त्याले. त्याले आता रडायले येऊन राह्यलं."

तिला ते समजलं नाही. मग मी उठून तिचा हात धरला आणि तिला मागच्या खोलीत नेलं, दार पुन्हा ओढून घेतलं आणि म्हटलं, उभी राहा इथं माझ्यासंगं. मीही उभी राहिले, दाराची कडी हातात धरून. ती पहिल्यांदा हसली. मग तिने कपाळाला हात लावला. मी लगेच दार उघडलं. ती बाहेर आली आणि शेगड्यांकडे बघत राहिली. मग परत आत जाऊन तिने एक शेगडी फडक्याने धरून उचलली आणि अंगणात आणून ठेवली, मग दुसरी. मी खिडकीवरची गोधडी ओढून काढली. खिळे भिंतीतून प्लास्टरसकट आले.

बाळाला आणि मुलीला आम्ही रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासून, ठेवून घेऊन, संध्याकाळी सोडलं. बरी आहेत म्हणाल्या. बंद खोलीत कोळसा जाळू नका, त्याचा विषारी वायू होतो, त्याला वास नसतो, आणि असं झालेले लोक दर थंडीत येतात, कधी वेळेवर येतात, कधी येत नाहीत. शेवटचं त्या सासूकडे न बघता म्हणाल्या, कागदावर लिहिता लिहिता. सासूने ते ऐकलं. रिक्षात ती तोंडाला पदर लावून बसली होती. परत आलो तेव्हा माझा नवरा अंगणातच उभा होता. आमची जुनी शेगडी त्याने कुठे नेऊन टाकली मला माहीत नाही, पुन्हा ती घरात दिसली नाही. उष्णता हा शब्दही कितीतरी दिवस त्याच्या तोंडून निघाला नाही.

त्यानंतर महिनाभर दुपारच्या वेळी मुलगी आमच्या समोरच्या खोलीत यायची, बाळाला घेऊन. मागच्या खोलीची दारं-खिडक्या उघडी असायची. कोळसा गेला. आंघोळी न्हाणीत होऊ लागल्या. बाळ रडायचं, खूप रडायचं, मोहल्ल्यातल्या बायका म्हणायच्या याला काय झालं. चुना लावलेली भिंत हळूहळू वाळली.

एका दुपारी ती दिवाणावर बसून बाळाचा लंगोट बांधत होती. मी एका ब्लाऊजला हुक लावत होते. मी सहज म्हटलं, "भिंत वाळली वो आता. बरं झालं, येळेवर ध्यानात आलं."

ती लंगोटाची गाठ मारत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "मी तं रोज सांगत होती काकू, डोकं दुखते म्हणून. याडीले सांगितलं, ह्यायले सांगितलं, तुमालेही सांगितलं. कोणी आलं नाही. भिंत काळी पडली तं तुमी आल्या."

रागाने म्हणाली नाही. तिच्या आवाजात राग कधी नसतोच. जसं दुधाला पातेलं आणते म्हणावं तसं म्हणाली. मी भिंतीसाठीच गेले होते, हे खरं होतं. मी म्हटलं, "हो." तिने बाळाला खांद्यावर घेतलं आणि मी पुढचा हुक लावायला घेतला. पण मला त्या दिवशी ते ब्लाऊज पुरं करता आलं नाही. वाईट वाटलं. आजही वाटतं.

उन्हाळ्यात मी गवंडी बोलावला आणि त्या भिंतीत, छताच्या खाली, हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर झरोका पाडून घेतला. वीतभर लांब, चार बोटं उंच. झडप नाही, काच नाही, मच्छरांसाठी आतून जाळी. नवरा म्हणाला यातून थंडी येईल. मी म्हटलं येऊ दे. मुलीला विचारलं, एवढा चालेल का. ती बराच वेळ मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, थोडा मोठा करता येते का. गवंड्याने दोन विटा आणखी काढल्या.

गेल्या थंडीत सासू पुन्हा आली, संक्रांतीला. पोरगं तेव्हा भिंतीला धरून उभं राहायचं, ज्या भिंतीने त्याला वाचवलं तिच्यावर हाताचे ठसे उमटवायचं, आणि मी काही म्हणायचे नाही. त्या दिवसांत दारव्ह्यात कडाक्याची थंडी होती. सकाळी मी मशीनपाशी आले तेव्हा झरोक्यात काहीतरी कोंबलेलं दिसलं. अंगणातून उघड्या दारातून तो झरोका बरोबर दिसतो. निळ्या कापडाचा बोळा. स्टूल खालीच होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. उठून जावं की नाही याचा विचार करत मी बसून राहिले. जायचं तर मीच जाणार, बोलायचं तर मीच बोलणार, हे काही बरोबर नाही असं वाटलं. थोड्या वेळाने घरात गेले, भाजी निवडली.

स्वयंपाक उरकून दुपारी परत आले तेव्हा झरोका मोकळा होता. आणि अंगणातल्या दोरीवर, लंगोटांच्या आणि साडीच्या मधे, ते निळं कापड स्वच्छ धुऊन, पिळून, दोन चिमटे लावून वाळत घातलेलं होतं.

सासू उन्हात पोत्यावर बसली होती, नातू मांडीवर. तिने दोरीकडे पाहिलं होतं, हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. मुलगी दोन कप चहा घेऊन बाहेर आली, एक तिच्यापुढे ठेवला, एक मला खिडकीतून दिला. सासू चहाच्या कपाकडे बघत म्हणाली, "डोकं तं नाही ना दुखून राह्यलं तुह्यं?"

मुलगी जागच्या जागी थांबली. त्या खोलीत राहायला आल्यापासून हे तिला कोणी विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं, मीसुद्धा विचारलं नव्हतं.

"नाही याडी," ती म्हणाली. "आता नाही दुखत."

सासूने मान हलवली. चहा प्यायला. मग उठून दोरीवरचं ते निळं कापड हाताने चाचपून पाहिलं, वाळलं होतं. मी मशीन थांबवून बघत होते. तिने ते काढलं, त्याची घडी केली, आणि खाली बसून त्याने नातवाचं नाक पुसलं.